मास्तरांची नाडीपरीक्षा

“कंबर छत्तीस,” डॉक्टर म्हणाले, आणि मास्तरांना वाटलं की ते सिस्टरना दुसऱ्याच कुणाचा तरी आकडा सांगताहेत. पण त्या खोलीत शर्ट वर धरून उभा असलेला माणूस एकच होता, आणि तो म्हणजे स्वतः मास्तर. आता शिंप्याला त्याची कंबर दुसऱ्यानं सांगायची, आणि तीही तीन इंच चढवून, म्हणजे अतीच झालं. मास्तरांची कंबर तेहेतीस होती. आज होती, गेल्या वर्षी होती, आणि वडिलांच्या माघारी दुकान हातात आलं तेव्हाही तेहेतीसच होती. याचा त्यांना इतका अभिमान होता, की एखाद्या गिऱ्हाइकाची कंबर वाढलेली दिसली की ते आधी हळहळायचे आणि मग हमखास स्वतःचं उदाहरण द्यायचे.

“परत घ्या,” मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी परत घेतली. परत छत्तीसच भरली.

“तुमची टेप आटलीय,” मास्तर म्हणाले. “धुतली होती का?”

डॉक्टर वयानं त्यांच्या मुलासारखे, म्हणून त्यांनी हे ऐकून घेतलं. मुळात मास्तर दवाखान्यात आपणहून आलेच नव्हते. हल्ली जेवण झालं की मशीनवर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागायची, आणि एकदा तर त्यांनी गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या बाहीला स्वतःची बाही शिवून टाकली. बायकोनं कात्रीनं त्यांची सुटका केली आणि तशीच त्यांना रक्त तपासायला घेऊन गेली. साखर काठावर निघाली, रक्तातली चरबी काठ ओलांडून गेलेली, आणि सोनोग्राफीत यकृतावरही चरबी दिसली.

मास्तरांना हे काही केल्या पटेना. त्यांचे हात बारीक, पाय त्याहून बारीक. बाजारात सगळे त्यांना काडीमास्तर म्हणायचे. चरबी म्हटलं तर त्यांच्या मेहुण्याच्या अंगावर होती, आणि तो सुखात होता.

डॉक्टरांनी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं. कापडाखाली अस्तर असतं ना, तसं हे आतलं काम आहे, म्हणाले. तुमचं कापड पातळ आहे, पण अस्तर जाड झालंय. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतावर जी चरबी साठते ती नुसती गप्प बसून राहत नाही. ती इन्सुलिनला त्याचं काम करू देत नाही, मग साखर चढते, रक्तदाब चढतो, हृदयावर येतं. वजनकाट्याला हे कळत नाही, टेपला कळतं. साधा हिशेब सांगतो, लक्षात ठेवा, कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत पाहिजे. तुमच्या उंचीला साडेतेहेतीसच्या आत. तुम्ही छत्तीस.

“तेहेतीस,” मास्तर म्हणाले आणि शर्ट खाली सोडून निघाले.

रस्त्यानं ते बायकोच्या चार पावलं पुढेच चालत राहिले. राग आला होता हे खरं, पण रागाच्या खाली भीती होती, आणि ती रागापेक्षा मोठी होती. मास्तरांचे वडीलही असेच होते, हातापायाच्या काड्या आणि पुढे आलेलं पोट. त्याच दुकानात, त्याच टेबलावर कोटाचं कापड बेतता बेतता ते खडू हातात असतानाच कोसळले होते. तेव्हा त्यांचं जे वय होतं ते मास्तरांचं आता झालं होतं. डॉक्टरांची टेप खरी असेल तर आपणही त्याच वाटेला लागलोय, आणि आपली टेप खरी असेल तर काहीच झालेलं नाही. मास्तरांच्या दृष्टीनं सगळं त्या टेपवर येऊन ठेपलं होतं.

आणि त्यांची टेप काही साधीसुधी नव्हती. वडिलांची होती, मेणकापडाची, कडा पितळेच्या. वडिलांनी तिची एक शिस्त घालून दिली होती. दुकान बंद करताना टेप भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची आणि खालच्या टोकाला लोखंडी वजन अडकवायचं, म्हणजे तिला गुंडाळी बसत नाही, ती सरळ राहते. टेप सरळ तर माप सरळ, असं वडील म्हणायचे. वडिलांनी कधी चुकवलं नाही आणि मास्तरांनीही नाही. ताप असला तरी ते टेप टांगायला दुकानात येऊन जायचे.

दुकानात पोचताच त्यांनी खिळ्यावरून टेप काढली, पोटाभोवती गुंडाळली आणि बायकोच्या नाकासमोर आकडा धरला. तेहेतीस. ती काजं करायला बसतच होती, तिनं हातातली सुई खाली ठेवली.

“मग डॉक्टर खोटं कशाला बोलतील?” ती म्हणाली.

“खोटं नाही. हलका माल. कुठल्यातरी औषधवाल्यानं फुकट दिलेली टेप असणार.”

हे बाकी त्यांचं खरं निघालं. दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतःची टेप गळ्यात घालून दवाखान्यात हजर झाले, तेव्हा सिस्टरनी कबूल केलं की दवाखान्यातली टेप खरंच एका औषध कंपनीनं डायरीबरोबर वाटली होती. डॉक्टरांनी मास्तरांची कंबर मास्तरांच्या टेपनं घेतली, तर तेहेतीस. मग सिस्टरना दोन्ही टेपांनी मोजलं, तर तिथंही फरक. शेवटी डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि स्वतःला मोजलं. त्यांच्या टेपनं एकोणचाळीस आणि मास्तरांच्या टेपनं छत्तीस. डॉक्टरांची उंची चांगली सहा फूट, म्हणजे निम्मी छत्तीसच. गेली दोन वर्षं ते स्वतः गोड सोडून बसले होते आणि तरी कंबर हलत नव्हती. त्यांचा चेहरा असा खुलला की सिस्टर बघतच राहिल्या.

“शिंप्याची टेप म्हणजे शेवटी शिंप्याची टेप,” डॉक्टर म्हणाले.

साखर काठावर आहे तिचं काय, असं बायकोनं विचारलं होतं, ते मास्तरांनी विचारलं. कंबर बरोबर असेल तर इतकी घाई नको, पुढच्या महिन्यात परत तपासू, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचं निम्मं लक्ष आरशात होतं. मग त्यांनी ती टेप थोडे दिवस दवाखान्यात ठेवायला मागितली. मास्तरांना धन्य वाटलं. वडिलांची टेप डॉक्टरांच्या टेबलावर! त्यांनी ती देऊन टाकली, वर वजन अडकवायची शिस्तही समजावून सांगितली, आणि येता येता दुकानासाठी नवी टेप घेतली. घरी जाताना क्रीमचे बन घेतले, तेही दोघांसाठी चार.

नव्या टेपनं एकदा स्वतःलाही मोजून बघा, असं बायको म्हणाली. एकदा ठरलेलं माप परत परत घ्यायचं नसतं, असं मास्तरांनी तिला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. बघायचं धाडस होत नव्हतं.

इथपर्यंत ठीक होतं. पण त्याच वेळी दुकानात बस डेपोच्या ड्रायव्हरांच्या गणवेशांचं काम आलेलं होतं. काम मेहुण्यानं मिळवून दिलं होतं. मेहुणा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ, डेपोत सुपरवायझर होता, आणि एका बाकावर एकटा बसला तरी बाक भरल्यासारखा वाटावा असा त्याचा देह. सगळ्यांची मापं टेप दवाखान्यात जायच्या आधीच घेऊन झाली होती. मास्तरांनी नवी टेप काढली, त्या मापांप्रमाणे कापड बेतलं, शिवलं, इस्त्री केली आणि डेपोत पाठवून दिलं. आपण किती नेटकं काम केलंय, या समाधानात ते मशीनवर डुलकी काढत होते, तेवढ्यात मेहुणा आला. त्यानं कमरेला पुढून-मागून वर्तमानपत्र धरलं होतं.

डेपोत मोठे साहेब आले होते. नव्या गणवेशात सगळे रांगेत उभे राहिले. श्वास रोखून धरला होता म्हणून बटणं लागली होती. पँटी घोट्याच्या वर थांबल्या होत्या आणि सगळ्यांचे मोजे दिसत होते. साहेबांनी एकवार पायांकडे पाहिलं आणि बसा म्हणाले. कुणी बसेना. साहेब परत म्हणाले, बसा. मग सुपरवायझर या नात्यानं मेहुण्यानं पुढाकार घेतला. त्याच्या मागच्या शिवणीचा आवाज साहेबांच्या गाडीपर्यंत गेला असं ड्रायव्हर लोक सांगत होते.

मास्तर हादरले. त्यांच्या हातची शिवण आजवर कधी उसवली नव्हती. त्यांनी आधी कापडाला दोष दिला, मग इस्त्रीला दिला, आणि शेवटी ड्रायव्हरांनाच दिला. मापं घेतल्यापासून कपडे शिवून होईपर्यंत ही माणसं खात सुटली असणार, दुसरं काय? बसून गाडी चालवायची, जिथं थांबले तिथं तळलेलं खायचं, पोट सुटणार नाही तर काय होणार? आणि पोट सुटलं म्हणजे साखर येते, दाब येतो, यकृतावर चरबी येते. डॉक्टरांकडून ऐकलेलं सगळं त्यांनी मेहुण्याला जसंच्या तसं ऐकवलं.

मेहुण्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि वर्तमानपत्र सावरत म्हणाला, “भाऊजी, कालच तुमचे ते डॉक्टर डेपोत तपासणीला आले होते. गळ्यात टेप होती, पितळेच्या कडांची. सगळ्यांच्या कमरा मोजल्या. मागच्या तपासणीपेक्षा प्रत्येकाची तीन-चार इंचांनी कमी भरली. माझीसुद्धा. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या, आम्ही पेढे वाटले.”

“मग?”

“मग मला एवढंच सांगा, मी बारीक झालोय की जाड?”

मास्तर बोटांवर हिशेब करू लागले. डॉक्टर म्हणतात माणसं आकसली, पँट म्हणते फुगली, आणि माणसं तर तीच. त्यांनी नव्या टेपनं मेहुण्याची कंबर घेतली. काही दिवसांपूर्वी घेतलेल्या मापापेक्षा ती चार इंच जास्त भरली. मेहुणा मटकन बसला, आणि शिवण उरलेली होती तीही गेली. संध्याकाळपर्यंत निम्मे ड्रायव्हर दुकानात गोळा झाले. कुणाला चक्कर आल्यासारखं होत होतं, कुणी म्हणत होतं ही आतली सूज असणार, कुणी म्हणत होतं सकाळी आपण बारीक असतो आणि पँट चढवली की जाड होतो. मास्तर एकेकाला मोजत होते आणि प्रत्येकजण वाढलेला निघत होता. एका ड्रायव्हरची कंबर वाढली होती, छाती वाढली होती, मनगटसुद्धा वाढलं होतं. मास्तरांना घाम फुटला. ही साथच आलीय, आणि तीत आपण एकटेच कसे वाचलो, हे त्यांना कळेना.

बायको कोपऱ्यात पायजम्यांना नाड्या ओवत बसली होती. ती बराच वेळ ऐकत होती. सगळे गेल्यावर तिनं विचारलं, “जाड झाले हे मी समजू शकते. पण उंच कसे झाले?”

“कोण उंच झालं?”

“सगळेच. पँटी आखूड पडल्यात ना? क्रीमचे बन खाऊन कंबर वाढेल. पन्नाशीच्या माणसाचे पाय कशानं वाढतात?”

मास्तरांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. खरंच की. ते घोटे, ते मोजे. पोट वाढवणारं जेवण साऱ्या जगात मिळतं, पाय वाढवणारं अजून कुठं निघालेलं नाही.

“उभे राहा,” ती म्हणाली. “दाराला पाठ लावून.”

तिनं नवी टेप घेतली नाही. नाडीच्या लडीतून एक लांब नाडी सोडवली, एक टोक मास्तरांच्या टाचेखाली दाबलं, दुसरं डोक्याला टेकवलं आणि तिथं कापली. मग ती बरोबर मधोमध दुमडून तिथं कापली आणि निम्मी नाडी हातात घेतली. उंचीच्या निम्म्याच्या आत कंबर, असं डॉक्टर म्हणाले होते ना? यात कुणाची टेप नाही, कुणाचा आकडा नाही. नाडी पोटाला वेढा घालून पुढे येऊन मिळाली तर मास्तर खरे, नाही मिळाली तर डॉक्टर.

मास्तरांनी शर्ट वर धरला. नाडी मागून पुढे आली आणि बेंबीपाशी थांबली. दोन टोकांच्या मध्ये तीन बोटं जागा उरली. मास्तरांनी पोट आत ओढलं, टोकं भेटली, आणि मास्तर विजयी चेहऱ्यानं बायकोकडे बघू लागले.

“श्वास सोडा,” ती म्हणाली.

ते जमेल तेवढा वेळ थांबले. मग सोडला. तीन बोटं परत आली.

मास्तरांची नजर भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यावर गेली, मग खाली पडलेल्या लोखंडी वजनावर गेली, आणि हळूहळू त्यांच्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं ते वजन रोज टेपला ओढत होतं. टेप केसाकेसानं लांबत गेली आणि कुणाला पत्ता लागला नाही, कारण माणूसही त्याच टेपनं मोजला जायचा आणि कापडही. चुकीला चूक जोडली की पँट फिट बसायची. टेप आणि पोट दोघं बरोबरीनं वाढत आले होते, म्हणून कंबर कायम तेहेतीस.

“बाबांची कंबरही शेवटपर्यंत वाढली नव्हती,” मास्तर म्हणाले. “ते सगळ्यांना सांगायचे.” आणि त्यांनी शर्ट हळूच खाली सोडला.

बायकोनं नाडीला गाठी मारल्या, ती खिळ्याला अडकवली आणि त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. तिला काय वाटत होतं ते तिनं सांगितलंही. मला या दुकानात एकटीनं काजं करायची नाहीत, म्हणाली. मास्तर पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले आणि सगळं कबूल केलं. डॉक्टरांना ते लगेच समजलं, पण मान्य करायला वेळ लागला. त्यांनी गळ्यातली टेप काढली, तिच्याकडे बघितलं, परत गळ्यात घातली. गेले काही दिवस दवाखान्यात केवढा आनंद होता, म्हणाले. पेशंट हसत बाहेर पडायचे. सिस्टर तर रोज एकदा मोजून घ्यायच्या. मग त्यांनी हळूच विचारलं, “म्हणजे मीसुद्धा एकोणचाळीसच?”

“एकोणचाळीसच,” मास्तर म्हणाले. आता त्यांना त्या पोराची कीव आली. त्यांनी त्याच्यासाठीही एक नाडी आणली होती.

डॉक्टरांनी नव्यानं सगळं सांगितलं आणि या वेळी मास्तरांनी शर्ट खाली न सोडता ऐकलं. गोड चहा कमी करायचा, मैद्याचं आणि तळलेलं आवरायचं, जेवल्यावर मशीनवर न बसता चालून यायचं. साखर काठावरून मागे फिरू शकते, यकृतही सुधारतं, फक्त कंबर हलली पाहिजे. डेपोच्या पँटी मास्तरांनी पदरचं कापड घालून परत शिवून दिल्या. मेहुण्यानं नाडीपरीक्षा करून घेतली, तेव्हा निम्मी नाडी त्याच्या फक्त एका बाजूला पुरली. त्यानंतर तोही चालायला येऊ लागला, आणि जेवण झालं की बाजारातले लोक काडीमास्तर, त्यांची बायको आणि तिचा भाऊ अशी तिघांची मिरवणूक बघू लागले.

मास्तर रोज सकाळी दुकान उघडलं की आधी नाडी लावून बघायचे. सुरुवातीला काही हालेना. मग एक दिवस जागा थोडी कमी वाटली, मग आणखी कमी, आणि एका सकाळी नाडीची दोन टोकं बेंबीवर येऊन अलगद भेटली. मास्तरांनी श्वास सोडला, तरीही भेटलेलीच. त्यांनी बायकोला हाक मारली, मेहुण्याला फोन लावला, आणि शर्ट वर धरून डॉक्टरांकडेच निघाले होते, इतक्यात बायकोनं त्यांच्या हातातून नाडी घेतली.

तिनं खालची गाठ उजेडात धरली. गाठीला गंजाचा लाल डाग होता.

“हिला वजन कुणी लावलं?”

“मीच. गुंडाळी बसत होती ना, म्हणून रोज दुकान बंद करताना...” मास्तर बोलता बोलता थांबले.

बायकोनं लडीतून नवी नाडी सोडवली. मास्तर आपणहून दाराला पाठ लावून उभे राहिले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. टाचेपासून डोक्यापर्यंत, मग मधोमध दुमडून, मग पोटाभोवती. मग त्यांनी एक डोळा उघडला.

“किती?”

“दोन बोटं.”

“तीन होती,” मास्तर म्हणाले. “म्हणजे एक बोट खरंच गेलं?”

“गेलं,” बायको म्हणाली. तिनं ते लोखंडी वजन उचललं, स्वतःच्या पिशवीत टाकलं आणि चपला घातल्या. “चला. आज दोन फेऱ्या मारू. हे वजन मी घेते, तुम्ही तुमचं घ्या.”